शास्त्रज्ञाचं सोंग

उत्तमराव बहुरूप्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अकरा सोंगं होती. त्यातली दहा वडिलांकडून, बापूजींकडून आलेली. जमादार, वैद्य, फकीर, कचेरीतला पेशकार, झाडावरून उडी घेणारा मारोती, अशी. अकरावं मात्र त्यांचं स्वतःचं होतं, आणि लोकांना सगळ्यांत जास्त तेच आवडायचं. ते शास्त्रज्ञाचं.

हे सोंग त्यांना इचोड्याला सापडलं. सडकेवर ट्रका उभ्या राहतात तिथं एका ढाब्याच्या मागं ताडपत्री बांधून व्हिडिओ दाखवायचे. त्यातल्या एका पिच्चरमध्ये एक शास्त्रज्ञ होता. केस वीज अंगावर पडल्यासारखे उभे, डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा, अंगात पांढरा डगला. त्याच्यापुढं काचेच्या नळ्यांतून लाल-हिरवं पाणी बुडबुडायचं आणि मधोमध एक लाल बटन. बटन दाबलं की जग बुडणार. का बुडवायचं, हे त्यानं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. नुसता हसत राहिला. उत्तमरावांनी तो पिच्चर तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी त्यांनी गोष्टीकडं लक्षच दिलं नाही, फक्त ते हसणं कानात भरून घेतलं. मग इचोडा ते बाजारहत्नूर सायकल हाणत तेच हसणं घोटत गेले, आणि वाटेत कोणाच्या दोन म्हशी दावं तोडून पळाल्या. तेव्हा त्यांना कळलं, सोंग जमलं.

डगला आदिलाबादच्या एका कंपाउंडरानं दिला. केस अंबाडीच्या वाखाचे केले, चुन्यात बुडवून. घड्याळाचा गजर, बॅटरी आणि लाल बल्ब एका खोक्यात बसवला. त्या वेषात ते गावात शिरले की लोक म्हणायचे, "आले, सायन्सराव आले!" बाया लेकरांना पदराखाली घ्यायच्या आणि स्वतः दारात उभ्या राहून हसायच्या. सायन्सराव चौकात उभे राहून डरकाळी फोडायचे, "हे बटन दाबलं की जग बुडन!" गाव ओरडायचं, "बुडवा, बुडवा!" बटन दाबलं जायचं, गजर वाजायचा, आणि सायन्सराव कान धरून पळत सुटायचे. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी हसणं तेवढंच.

पण आतली गोष्ट अशी की उत्तमरावांना त्या सोंगाची थोडी लाज वाटायची. बापूजींचा एक नेम होता. ज्याचं सोंग घ्यायचं, त्याच्या उंबऱ्याशी आठ दिवस बसायचं. तो खोकतो कसा, पाणी पितो कसा, एकटा असला की कुठं पाहतो, हे सगळं पाहून घ्यायचं. पेशकाराच्या सोंगासाठी बापूजी तहसिलीच्या ओट्यावर बसून 'दरख्वास्त' आणि 'मुआयना' असले कचेरीचे शब्द शिकले होते. आता शास्त्रज्ञाचा उंबरा या मुलखात शोधायचा कुठं? म्हणून पिच्चर. पण वाखाचे केस डोक्यावर बांधताना दर वेळी उत्तमरावांना वाटायचं, आपण हात न धुता पंगतीला बसलो.

दुसरा नेम त्याहून कडक. एकदा सोंग घेतलं की दिवेलागणीपर्यंत उतरवायचं नाही. बापूजींना एकदा मारोतीच्या सोंगात कुत्रं चावलं होतं. ते झाडाखाली बसून कळवळले, पण तोंडातून 'जय श्रीराम'शिवाय दुसरा शब्द नाही.

त्या साली, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या माघात, बेल्याहून दोन कोसांवर पैनगंगेच्या अंगाला असलेल्या खडकी गावात मारोतीच्या देवळापुढं सप्ता बसला होता. पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि सात दिवस, आठी प्रहर, विणेचा पहारा. एकानं वीणा गळ्यात घालून खांबाशी उभं राहायचं, नाम घेत राहायचं. त्याची पाळी संपली की दुसऱ्यानं ती आपल्या गळ्यात घ्यायची. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही आणि नाम तुटू द्यायचं नाही. दुपारचा वेळ तेवढा मोकळा असायचा. तो गावानं उत्तमरावांना दिला होता. खडकी हे तीन पिढ्यांपासून त्यांच्या घराण्याचं गाव. दुसरा बहुरूपी तिथं कधी आला नाही, आणि आला असता तर गावानंच त्याला वेशीवरून परत पाठवला असता.

देवळापुढच्या मांडवावर यंदा नवंच कापड होतं. केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचं, रेशमासारखं हलकं. दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली यायचं, आणि मांडवात बसलेली माणसं अर्धी केशरी, अर्धी चांदण्यातली दिसायची. उत्तमराव आले त्या दिवशी ते वर बघतच राहिले.

"कापड झकास हाय. कोठून आणलं गा?"

किराणा दुकानवाले माणिकराव शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, "आता तुमीच आमाले इचारता काय? बरं, बरं. आमी काई बोलत नाई."

सगळे गालात हसले. उत्तमरावांना काही उमगलं नाही. गाव आपली थट्टा करतं हे त्यांना नवं नव्हतं. त्यांनी ते सोडून दिलं.

खरी गोष्ट गावाला ठाऊक होती, फक्त त्यांनाच नव्हती. उत्तमराव यायच्या आदल्या सकाळी कौशल्याबाई आपल्या वावरात कापूस वेचत होत्या. अंगावर सावली फिरली म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर आभाळातून एक केशरी-पांढरी छत्री उतरत होती. इतकी सावकाश, की जणू तिला कुठं जायचं नव्हतं, कोणाची वाट पाहायची नव्हती. छत्रीखाली दोरांना एक चांदीसारखी चमकणारी पेटी लटकलेली. ती अलगद पऱ्हाटीच्या दोन ओळींच्या मधे टेकली. बाईंनी आधी हात जोडले, मग थोड्या वेळानं जवळ जाऊन पेटीला हात लावला. पेटी थंडगार होती, वर दहिवर जमलेलं. उन्हाच्या वेळी एवढं थंड काही त्यांनी आजवर रांजणाशिवाय पाहिलं नव्हतं.

त्यांचे मालक सुधाकरराव धावत आले, पेटी पाहिली आणि टाळी देऊन हसले.

"अवं, हे तं उत्तमरावाचं सामान! पारसाल नाई का म्हनला तो, 'पुढच्या साली माही पेटी आभाळातून येईन' म्हनून?"

"म्हनले होते खरं. पन आभाळातून टाकली कशी बाप्पा त्याईनं?"

"बहुरूप्याले असं इचारत नसतात."

ते खरंच. बहुरूप्याला त्याच्या सोंगाची युक्ती विचारणं म्हणजे वाढणाऱ्याला भाजीत काय घातलं ते विचारणं. गावात ते वाईट समजायचे. सायन्सरावांनी बोल खरा करून दाखवला याचंच सगळ्यांना कौतुक. ठरलं, की छत्री मांडवाला वापरायची आणि पेटी सोंगाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांच्या पुढ्यात ठेवायची. तोवर कौशल्याबाईंनी ती रांजणाच्या बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली. का, म्हणून सुनेनं विचारलं, तर म्हणाल्या, "पेटी थंडी आली होती न. ज्याची वस्तू, त्याले आली तशी द्यावं."

उत्तमराव आल्यापासूनचा तिसरा दिवस, शास्त्रज्ञाच्या सोंगाचा, उगवला. उत्तमरावांनी वाखाचे केस बांधले, जाड पांढऱ्या भुवया डिंकानं चिकटवल्या, डगला चढवला आणि दुपारी गावातून फेरी मारली. हसणं नेहमीसारखं उठलं. मांडवात सगळं गाव जमलं. खांबाशी म्हातारे पांडुरंगराव गळ्यात वीणा घेऊन डोळे मिटून उभे होते, त्यांची तार आपली चालूच. आणि तेवढ्यात धुरळा उडवत एक जीप येऊन थांबली.

जीपमधून चाळिशीच्या एक बाई उतरल्या. चुरगळलेली सुती साडी, पायात रबरी चपला, वेणीत सुकून तांबूस झालेला मोगरा. त्यांनी मांडवाकडं पाहिलं आणि तिथंच, रस्त्यावर, धुळीत मटकन बसल्या. लोक पाणी घेऊन धावले. बाई पाणी पीत होत्या आणि वरच्या केशरी कापडाकडं बोट दाखवून हसत होत्या, रडतही होत्या.

"हे आमचं आहे," त्या म्हणाल्या. त्यांची मराठी तोडकी होती. हैदराबादेत काचीगुड्याला त्यांचा शेजार मराठी, तिथं शिकलेली. "बरोबर पेटी होती. पेटी कुठं आहे?"

"तुमी कोन म्हनाव बाई?" माणिकरावांनी विचारलं.

"माझं नाव वरलक्ष्मी. मी हैदराबादहून आले. मी शास्त्रज्ञ आहे."

सगळ्यांनी आधी बाईंकडं, मग सायन्सरावांकडं पाहिलं. मग असं हसणं उठलं, की देवळावरची कबुतरं उडाली.

"एका गावात दोन शास्त्रज्ञ!" माणिकराव पोट धरून म्हणाले. "बाई, कोन्या गावचे बहुरूपी तुमी? हे गाव उत्तमरावाचं हाय, मालूम नाई का?"

"केस तं पाहा! चापूनचोपून वेनी. शास्त्रज्ञाले वेनी असते काय?"

"चष्मा बी नाई!"

"हासून दाखवा बरं एकदा. हासा!"

एक म्हातारी शेजारणीच्या कानात म्हणाली, "सोंग कच्चं हाय वं, पन बाई गोड हाय. उपाशी दिसते."

बाईंनी पिशवीतून कागद काढला. त्यावर शिक्का होता. माणिकरावांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "पेशकाराच्या सोंगात उत्तमरावापाशी याच्याहून मोठा शिक्का राह्यते."

उत्तमराव वाखाच्या केसांखालून हे सगळं पाहत होते. सोंगात असल्यामुळं त्यांना स्वतःच्या आवाजात बोलता येत नव्हतं, म्हणून ते नुसते पाहत राहिले. आणि पाहण्यात तर त्यांची उभी हयात गेलेली. बाईंच्या उजव्या हाताची बोटं टोकाशी पिवळट-तपकिरी होती, कसल्या तरी औषधाच्या पाण्यात वर्षानुवर्षं बुडवल्यासारखी. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या, एकच डोळा मिटून खूप पाहणाऱ्या माणसाच्या असतात तशा. लोक हसत होते आणि बाई मांडवाची एक दोरी हातात घेऊन तिच्या गाठी मोजत होत्या. चौथी गाठ तुटलेली निघाली. त्या तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होत्या, जणू लेकराच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं.

सोंग घेणारा माणूस एक गोष्ट कधी विसरत नाही, लोकांकडं पाहणं. हसले का, भ्याले का, खपलं का, तो सतत डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहतो. ही बाई लोकांकडं पाहतच नव्हती.

उत्तमरावांचा हात नकळत डोक्यावरच्या वाखाकडं गेला. त्यांना वाटलं, ज्या उंबऱ्याशी आपल्याला आठ दिवस बसायचं होतं, तो चालत इथं आला, आणि आपण त्याच्यापुढं वाख बांधून उभे आहोत.

तेवढ्यात सुधाकरराव आणि कौशल्याबाई पेटी घेऊन आले. ओलं पोतं बाजूला केलं, चांदीचा कागद उन्हात लखलखला. पेटी उत्तमरावांच्या पायाशी ठेवली गेली, आणि गावानं टाळ्यांचा कडकडाट केला.

"घ्या सायन्सराव, तुमची अमानत! आता उघडा सगळ्यायच्या समोर."

माणिकरावांनी पाना-पेचकस आणूनच ठेवले होते. पेचकस त्यांनी उत्तमरावांच्या हातात कोंबला.

"उघडू नका!" बाई धावत आल्या. दोघी-तिघी बायांनी त्यांना हसत हसत धरलं. "उघडू नका हो, पाया पडते! आत काचा आहेत, काळ्या कागदात. उजेड लागला की सगळं पुसून जाईल. तीन वर्षं लागली आम्हाला!"

"आता जमलं!" माणिकराव ओरडले. "आता जमलं बाईचं सोंग! पारितोषिक द्या बाईले!"

उत्तमरावांनी पेचकस पाठीमागं लपवला. नेम मोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी सोंगाच्याच आवाजात अडवायचा प्रयत्न केला. हात उंचावून गरजले, "खबरदार! ही पेटी उघडनार नाई! उघडली तं जग बुडन!"

"बुडवा, बुडवा!" गाव एका सुरात ओरडलं.

मग जे त्यांच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. दिवस डोक्यावर असताना आपल्या स्वतःच्या, साध्या आवाजात बोलले.

"माणिकभौ, आयका. खरंच सांगून राह्यलो, ही पेटी माही नाई. ही बाई खरी हाय."

"वा! वा रे बेमालूम!" कोणीतरी मागून दाद दिली.

त्यांनी वाखाचे केस काढून जमिनीवर टाकले. क्षणभर गाव चकित झालं, आणि मग पहिल्याहून मोठ्या टाळ्या पडल्या. भर उन्हात सोंग उतरवणारा बहुरूपी! असं सोंग तर कोणी पाहिलंच नव्हतं. उत्तमराव हात जोडत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि जेवढं ते खरं बोलत तेवढी माणसं खूश होत. आजवर ज्या कसबावर पोट भरलं, तेच आज भिंतीसारखं समोर उभं होतं. ते खोटं बोलले तरी टाळ्या, खरं बोलले तरी टाळ्या.

"तुमाले भेव लागते तं मी उघडतो," म्हणत माणिकरावांनी त्यांच्या हातचा पेचकस काढून घेतला आणि पेटीपाशी उकिडवे बसले. पहिला स्क्रू फिरू लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

उत्तमरावांनी इकडंतिकडं पाहिलं. समोर खांबाशी पांडुरंगराव. गोंधळात सुद्धा त्यांची तार तुटली नव्हती. ओठ हलत होते.

उत्तमराव पाण्याच्या घागरीकडं धावले. भुवया ओढून काढल्या, तोंड खळखळून धुतलं, डगला उतरवला, चपला काढल्या. बंडी आणि धोतर एवढ्यावर ते खांबापाशी गेले आणि वाकले.

"दादा, पहारा मले द्या."

पांडुरंगरावांनी डोळे उघडले. माणिकरावांचा हात थांबला. मांडवात कोणीतरी "श्श" केलं. वीणा गळ्यात घेऊन आजवर कोणी सोंग केलं नव्हतं. करायचं, हे कोणाच्या मनातही कधी आलं नसतं.

"सोंगात तं नाई न रे?" म्हाताऱ्यानं दोन नामांच्या मधे विचारलं.

"नाई दादा."

"बापूजीची आन?"

"बापूजीची आन. देवाची आन."

पांडुरंगरावांनी त्यांचं धुतलेलं तोंड निरखून पाहिलं. मग त्यांनी वीणा स्वतःच्या गळ्यातून काढून, टेकू न देता, उत्तमरावांच्या गळ्यात घातली. तार छेडली गेली. उत्तमरावांनी तीन वेळा नाम घेतलं, आणि मग, नाम पांडुरंगरावांच्या तोंडी चालू असताना, हळू आवाजात बोलले.

"ही पेटी माही नाई. मी आभाळातून काई टाकलं नाई. मले टाकता येत नाई. पारसाल मी फुशारकी मारली. ही बाई शास्त्रज्ञ हाय. मी जो शास्त्रज्ञ तुमाले दाखवत होतो न, ते केस, ते लाल पानी, ते हासनं, ते सारं इचोड्याच्या पिच्चरमधलं. मी खरा शास्त्रज्ञ कधी पाह्यलाच नव्हता. आज पाह्यला. पेटी उघडू नका बाप्पा."

एवढं बोलून ते पुन्हा नामात शिरले. पाळी घेतली होती, ती निभावायची होती.

माणिकरावांनी फिरवलेला स्क्रू उलटा फिरवून बसवला. पेचकस त्यांनी धोतराला पुसला, आणि मग त्याचं काय करावं ते न सुचून खिशात घातला. बायांनी वरलक्ष्मीबाईंचे हात सोडले. कोणी कोणाकडं पाहत नव्हतं.

शेवटी कौशल्याबाई म्हणाल्या, "बाई, राग नका धरू. आमी त्याले थंड्या जागी ठेवलं होतं."

वरलक्ष्मीबाईंनी पेटीला हात लावला, मग गाल लावला. ओल्या पोत्याचा गारवा अजून होता. "तुम्ही... ओल्या पोत्यात ठेवली? तीन दिवस?" त्यांनी कौशल्याबाईंचे हात धरले. "ऊन लागलं असतं तरी गेलं असतं सगळं."

"मंग यात हाय तरी काय?"

आणि त्या धुळीतच मांडी घालून सांगायला बसल्या. वरून केशरी उजेड गळत होता, वीणा वाजत होती, आणि बाईंचे शब्द तोडके होते. पण गावानं असं ऐकलं, जसं निरूपण ऐकतात. फार लांब, म्हणाल्या, ताऱ्यांच्याही पलीकडून एक धूळ येते. धुळीहून बारीक. ती निघाली तेव्हा आपलं कोणी जन्मलं नव्हतं, हे गाव नव्हतं, कदाचित ही नदीही नव्हती. ती कुठं थांबत नाही. रात्रंदिवस खाली पडत असते, पावसासारखी. छपरातून पडते, आपल्यातून पडते आणि जमिनीत शिरते. ना कोणी भिजतं, ना कोणाला कळतं.

"आता बी?" सुधाकररावांनी विचारलं.

"आता पण. तळहात असा धरा. मोजा. एक, दोन, तीन. मोजाल तेवढ्या वेळात तेवढे कण गेले."

कोणी सांगितलं नव्हतं, पण माणसांनी तळहात पुढं धरले. म्हातारीनं धरला, माणिकरावांनी धरला, लेकुरवाळ्या बायांनी लेकरांची मूठ उघडून धरली. मांडवात हालचाल नाही. शंभर तळहात उघडे, त्यांवर केशरी-पांढरे पट्टे, आणि त्यांतून काही तरी फार दूरचं, न थांबता जात होतं. खांबाशी उभ्या उत्तमरावांना वाटलं, आपण झोपेत आहोत आणि ही झोप चांगली आहे.

"हवेत शिरली की ती धूळ फुटते," बाई सांगत होत्या. "म्हणून आम्ही मोठा फुगा करून ही पेटी फार वर पाठवतो. आतल्या काचांवर एक लेप आहे. धूळ त्यातून गेली की रेघ उमटते, केसाहून बारीक. यंदा वाऱ्यानं वाट बदलली आणि पेटी तुमच्याकडं आली."

"मंग त्या रेघा पाह्यल्या की झालं?"

"पाहायला चार वर्षं लागतील. भिंगातून, एक एक काच, बोटभर जागा रोज."

"चार वर्षं! आन मंग काय दिसन?"

"कधी एखादी रेघ वेगळी दिसते."

"आन नाई दिसली तं?"

बाई हसल्या. "तर नाही."

पांडुरंगराव खांबाला टेकून बसले होते. ते मान हलवून म्हणाले, "पहाराच हाय म्हना की हा."

माणिकरावांना मात्र राहवलं नाही. "बाई, एक इचारू? तुमच्यापाशी बटन बिलकूल नाई?"

"आहे एक. पंख्याचं. तेही बिघडलंय."

गाव पुन्हा हसलं, पण या वेळी बाईंच्या बरोबर. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "मंग आपले सायन्सराव गेलेच आता?" आणि ते हसणं थोडं खाली बसलं. एका पोरीनं जमिनीवरचे वाखाचे केस उचलून झटकले आणि डगल्यावर नीट ठेवले. उत्तमरावांनी ते पाहिलं. त्यांची तार चालूच राहिली. त्यांना माहीत होतं, या गावात ते सोंग आता पुन्हा हसणार नाही. बाकीच्या गावांत तरी आपल्याला ते करवेल का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हरिपाठाच्या आधी पाळी बदलली. बाईंना भाकरी-पिठलं वाढलं गेलं, ड्रायव्हरलाही. छत्रीचं कापड सप्ता उठल्यावर आदिलाबादला पोचतं करायचं, असं सुधाकररावांनी कबूल केलं. पेटी जीपपर्यंत चौघांनी पालखीसारखी नेली. पण जीपला स्प्रिंगा नावालाच होत्या आणि बेल्याची सडक सगळ्यांना माहीत होती.

"मांडीवर धरून न्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "काचा तडकतील." आणि म्हणता म्हणता त्यांची मान लवंडली. पेटी शोधताना तीन रात्री त्या झोपल्या नव्हत्या.

"मी धरतो," उत्तमराव म्हणाले. "आदिलाबादपर्यंत येतो. सकाळच्या मोटारीनं वापस येईन."

ते मागच्या बाकड्यावर बसले. कौशल्याबाईंनी पोतं पुन्हा भिजवून पेटीवर घातलं. जीप निघाली. दोन्हीकडं कापसाची वावरं पांढरी होत होत संध्याकाळात विरघळत चालली होती, ज्वारीची कणसं उगाच मान हलवत होती. उत्तमरावांनी दोन्ही हातांनी पेटी कवटाळली होती. खड्डा आला की ते बाकड्यावरून अर्धे उठायचे, म्हणजे धक्का त्यांच्या गुडघ्यांना बसायचा, पेटीला नाही. पाणी झिरपून धोतर भिजलं होतं.

समोर बसलेल्या वरलक्ष्मीबाईंनी झोपाळू डोळ्यांनी वळून पाहिलं. "माझं सोंग तुम्ही कसं करता, ते मी नीट पाहिलंच नाही. हसता म्हणे फार मोठ्यानं. एकदा हसून दाखवा ना."

"नको बाई," उत्तमराव म्हणाले. "पेटी हालन."

बाईंनी मान डोलावली आणि दांडीला डोकं टेकून झोपी गेल्या. भुवयांवर राहिलेला डिंक घामानं सुटून उत्तमरावांच्या डोळ्याच्या कडेशी उतरत होता, भयंकर खाजत होतं. त्यांनी हात काढला नाही. नुसता तो डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्यानं पुढच्या खड्ड्याकडं पाहत राहिले.